पळण्याचा पेपर

एक होतं जंगल. जंगलात झाडं होती, झाडांखाली जनावरं होती आणि जनावरांच्या डोक्यावर सरकार होतं. जनावरांना सरकार कशाला लागतं, असं मधेच विचारू नका. असं विचारणारं एक साळिंदर होतं, त्याचे काटे सध्या दरबारात लेखण्या म्हणून वापरतात. तेव्हा गोष्ट मुकाट्याने ऐका.

राजा होता वाघ. नाव दाढेराव महाराज. ते रीतसर निवडून आलेले होते, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नये. दर निवडणुकीला त्यांच्याविरुद्ध कोणीतरी उभा राहायचा, आणि मतमोजणीपर्यंत तो उभा राहिला असता तर चुरससुद्धा झाली असती. पण तो एकतर बसायचा, नाहीतर आडवा व्हायचा. मग महाराज विजयसभेत मिशांवरून जीभ फिरवत सांगायचे, "आम्ही प्रजेला कधीही अंतर देणार नाही!" प्रजेला खरं म्हणजे थोडं अंतरच हवं होतं, पण टाळ्या वाजवून सगळे घरी जायचे.

अलीकडे मात्र महाराजांचं वय झालं होतं. गुडघे बोलायला लागले होते. झुडपातून उडी मारायची म्हटलं की आधी गुडघा कटकन् वाजायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला हुपाजी वानर ओरडायचा, "सावधान!" हुपाजीचं घराणं पहाऱ्याचं. त्याचा बाप हेच ओरडायचा, आजाही हेच ओरडायचा. या जंगलात त्या शब्दाचा अर्थ एकच होता: ढुंगणाला पाय लावून पळा. लग्नातसुद्धा भटजी हा शब्द मोठ्यांदा ओरडतात, पण तिथे सहसा कोणी पळत नाही. एकजण पळाल्याचं ऐकून आहे, पण तो आपला विषय नाही.

तर हुपाजी ओरडायचा, प्रजा पळायची आणि महाराज धापा टाकत हात हलवत परत यायचे. "ही प्रजा आमच्याकडे पाठ फिरवते," असं ते दुःखाने म्हणायचे, आणि ते अगदी खरं होतं.

याच जंगलात एक सरकारी शाळा होती. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास होता. वेळापत्रकातच होता, शाळेत नव्हता. कारण तो तास सुरू झाला की गणिताचे घुबडसर यायचे आणि म्हणायचे, "खाली बसा. पोर्शन मागे राहिलाय." पोर्शन मागे राहणारच हो. सर दिवसा शिकवायचे आणि सरांना दिवसा दिसत नव्हतं. पोरं आपली बसून बसून फळ्याकडे बघायची.

त्या पोरांत टिपकी नावाचं एक हरणाचं पिल्लू होतं. एवढीशी पोर, पण उठताना म्हातारीसारखं "आई गं" करायची. तिची आई ठकूबाई हे बघून हबकली. ठकूबाई काही फार शिकलेली नव्हती. पण हरणाच्या जातीला पळता आलं नाही तर पुढे काय होतं, हे समजायला शिक्षण लागत नाही. तिने पोरीला झऱ्यावर पळवून पाहिलं, तर टिपकी चार उड्यांत बसली आणि म्हणाली, "आई, मला घाम आला."

"झालं! आता वाघ काय घाम पुसायला थांबणार आहे?" ठकूबाई म्हणाली. तिने शेजारची गजराबाई सांबरीण, ससेभाऊ आणि आणखी चार पालक गोळा केले आणि सगळे दरबारात गेले.

"महाराज," ठकूबाई म्हणाली, "पोरांना शाळेत पळायला शिकवा. शारीरिक शिक्षण हासुद्धा विषयच आहे. त्याला गणिताएवढा मान द्या, अभ्यासक्रमात घ्या, त्याचे मार्क धरा. नाहीतर हे घुबडसर तो तास कधीच सोडणार नाहीत."

महाराजांच्या अंगावरचे पट्टे शहारले. आधीच पळणारी ही जात, आता शिकून पळणार? "विचार करू," असं म्हणून ते गुहेत गेले आणि त्यांनी शिक्षणमंत्र्यांना बोलावलं.

शिक्षणमंत्री होते तरसोजी खिदळे. तरसच ते, त्यांना कशाचंही हसू यायचं. दुष्काळाच्या पाहणीत ते खो खो हसले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना आशावादी नेते म्हटलं होतं. महाराजांच्या पानात उरेल त्यावर तरसोजींचं घर चालायचं, म्हणजे महाराज उपाशी तर तरसोजी त्याहून उपाशी.

"पळण्यावर बंदीच घालतो," महाराज म्हणाले.

"हॅहॅहॅ! बंदी नको, महाराज. बंदी घातली की पोरं चोरून पळतील, आणि चोरून केलेली गोष्ट फार चांगली जमते. आपण ते अभ्यासक्रमात घालू."

"अरे, ते तर ती हरिणीच मागतेय!"

"म्हणून तर द्यायचं! मागे आपण बदकांना पोहण्याचा विषय लावला, आठवतंय? आता बदकं तळ्याला वळसा घालून जातात. पोटात गोळा येतो म्हणे पाणी बघून. सुगरणीला घरटं विणणं लावलं कार्यानुभवात. ती आता भाड्याने राहते."

महाराजांनी मंत्र्याकडे बराच वेळ कौतुकाने पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं राज्याला हवीत." तरस असूनही तरसोजींना ते लागलं नाही.

दुसऱ्याच दिवशी माळावर सभा झाली. कमान उभारली, हार आले, हत्तीने नारळ फोडला आणि चुकून टेबलही फोडलं. महाराज बोलायला उभे राहिले.

"इथे जमलेल्या तमाम चतुष्पाद बंधूंनो आणि भगिनींनो! आजवर कोणत्याही राजाने तुमच्या पायांकडे पाहिलं नाही. पाहिलं का?"

"नाही!"

"मी पाहिलं! मी रोज पाहतो! विशेषतः मागच्या पायांकडे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तरसोजींनी घोषणा दिली, "पळेल तो शिकेल, शिकेल तो टिकेल!" आणि सगळं जंगल ती घोषणा देत घरी गेलं. ठकूबाईला तर लोकांनी खांद्यावरच घेतलं असतं, पण जनावरांना खांदे बेताचेच. तिने घरी जाऊन टिपकीची दृष्ट काढली. आपल्या एका शब्दाने सरकार हललं, हे काय कमी आहे का?

अभ्यासक्रम ठरवायला समिती नेमली. अध्यक्ष अजगर. सदस्य गोगलगाय आणि म्हातारा रेडा. निमंत्रित सदस्य म्हणून वडाचं झाड घेतलं होतं, कारण ते एकाही बैठकीला गैरहजर राहिलं नाही. पळण्याशी प्रत्यक्ष संबंध असलेलं कोणी मुद्दामच घेतलं नव्हतं, म्हणजे निर्णय निःपक्षपाती राहील. अध्यक्ष पहिल्या बैठकीत जेवून आले आणि शेवटच्या बैठकीत जागे झाले. पुस्तक तयार झालं.

पुस्तक देखणं होतं, खोटं कशाला बोला. पहिल्याच पानावर व्याख्या होती: 'एका ठिकाणी असणे व दुसऱ्या ठिकाणी असणे, या दोहोंमधील त्रासदायक अवस्थेस पळणे असे म्हणतात.' पुढे पळण्याचे प्रकार, पळण्याचे फायदे आणि थोडे अधिक तोटे. 'मागच्या पायाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा हमखास येणारा प्रश्न. आणि 'एका वाक्यात उत्तरे लिहा'मध्ये: 'पळण्याचे जनक कोण?' उत्तर: 'दाढेराव महाराज.' यावर कोणी हसू नये. ते मागे नसते तर जंगलात कोण कशाला पळालं असतं?

शाळेला क्रीडासंकुलही मंजूर झालं. संकुल बांधायला मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणाल तर शाळेचं मैदानच होतं. मग मैदानावर संकुल उभं राहिलं. संकुलात महाराजांचा पळतानाचा पुतळा होता आणि पुतळ्याच्या भोवती पळायला मनाई होती. ससेभाऊंनी तेवढ्यात 'भरारी रनिंग क्लासेस' काढले. तिथे पोरं मांडीला मांडी लावून बसायची आणि 'पळण्याचे महत्त्व' हा निबंध घोकायची.

आता राहिलं प्रात्यक्षिक. त्यासाठी पी.टी.चे सर नेमले, ते बगळेसर. निवड अगदी गुणवत्तेवर झाली. मुलाखतीत बाकी उमेदवार सारखे हलत होते, सर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका पायावर उभे होते. पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात शिट्टी. त्यांनी शाळेच्या अंगणात चुन्याची रेघ मारली आणि पोरांना तिच्यावर उभं केलं.

"मुलांनो, शारीरिक शिक्षणाचा पाया म्हणजे दोन आज्ञा. पहिली, सावधान! खुराला खूर जुळवायचा, मान ताठ, नजर समोर, श्वास बेताने. हलायचं नाही. माशी बसली तरी नाही. हलला त्याचा मार्क गेला."

"आणि दुसरी, सर?" टिपकीने विचारलं.

"विश्राम. पाय थोडे फाकवायचे, आणि हलायचं नाही."

झाडावरून हुपाजीने हे ऐकलं आणि त्याची शेपटी सटकली. तो तडक खाली उतरला. "अहो सर, हा शब्द आमच्या घराण्याचा आहे. तो ऐकल्यावर पळायचं असतं! तुम्ही काय उभं करताय पोरांना?"

"आपली पात्रता?" सरांनी मान न हलवता विचारलं.

"पात्रता कसली डोंबलाची? मी ओरडतो म्हणून लोक वाचतात!"

"वाचन हा माझा विषय नाही. मराठीच्या सरांना भेटा."

हुपाजीने कपाळावर हात मारला आणि परत झाडावर गेला. ठकूबाईला त्याने हाक मारून सांगितलंही, "ठकूताई, काहीतरी गडबड आहे गं." पण ठकूबाई तेव्हा कुंपणाबाहेरून लेकीला बघत होती. सगळ्या रांगेत टिपकीच ताठ. ठकूबाई म्हणाली, "हुपाजीदादा, तुम्हाला नव्या गोष्टी पटतच नाहीत. सर म्हणाले, आधी पाया पक्का होतो, मग पळणं आपोआप येतं."

मग घटक चाचणी आली. त्या सकाळी पोरं चुन्याच्या रेघेवर उभी होती, आणि महाराज सहज म्हणून शाळेकडे निघाले. हुपाजीने पाहिलं आणि जीव तोडून ओरडला, "सावधान!"

झऱ्यावरची मोठी जनावरं क्षणात दिसेनाशी झाली. शाळेच्या अंगणात खटकन् आवाज झाला. सगळ्या पोरांनी खुराला खूर जुळवला होता.

महाराजांना आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. ते एक पाऊल पुढे आले. कोणी हललं नाही. ते रांगेतून चालू लागले, चक्क चालू लागले, गुडघ्यांना कसलाही त्रास न होता. इतका सुखाचा दिवस त्यांच्या आयुष्यात बऱ्याच वर्षांनी उगवला होता. गजराबाईचा गेंदू सगळ्यांत ताठ उभा होता, जरा अंगानेही भरलेला. महाराजांनी त्याच्या पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "याला आम्ही निवडलं."

दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. मधोमध महाराज, बाजूला तरसोजी, खाली कोपऱ्यात नखाएवढा गेंदू. 'गुणवंत विद्यार्थी कुमार गेंदू यास महाराजांनी सामावून घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' गजराबाईला शाल आणि नारळ मिळाला.

"पण पोरगं घरी कधी येईल?" तिने विचारलं.

"हॅहॅहॅ! बाई, आता कसलं घरी येतोय? तो महाराजांच्या अंतर्गत विभागात रुजू झालाय," तरसोजी म्हणाले. यावर बाकीच्या आया गजराबाईकडे हेव्याने बघायला लागल्या. नशीब असतं एकेकाचं!

त्याच दिवशी ठकूबाई कोवळं गवत शोधत करवंदीच्या जाळीमागे गेली. तिथे मंत्री तरसोजी पोटावर हात ठेवून घोरत होते. त्यांच्या शेजारी एक खूर पडला होता. एवढासा, सांबराचा, आणि त्याला खाली पांढरा चुना लागलेला होता. ठकूबाई बघतच राहिली. हरीण असून तिला पळता येईना, नुसतं थरथरता येत होतं. "अगं आई गं," ती म्हणाली, "हे मी मागितलं होतं?"

पाय हलायला लागले तशी ती धावत गजराबाईकडे गेली. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. गजराबाईने ऐकून घेतलं. मग खांद्यावरची शाल नीट करत म्हणाली, "नाही गं ठकू. शाल दिलीय मला. शाल कोणी उगाच देतं का?" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण शाल तिने सोडली नाही. तिथे अभिनंदनाला जमलेल्या बाकीच्यांनी तर ठकूबाईला सरळ सुनावलं, "तुमच्या टिपकीचा नंबर नाही लागला, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या. कोल्ह्याला द्राक्षं आंबट!" कोल्ह्याने या म्हणीला तिथल्या तिथे हरकत घेतली आणि सभा त्यातच संपली.

घरी येऊन ठकूबाईने टिपकीला समोर उभं केलं. "टिपके, नीट ऐक. सावधान म्हटलं की पळायचं. मागे बघायचं नाही. कळलं?"

"आई, तुला काही येत नाही. सावधान म्हणजे खुराला खूर."

"अगं बाई, मी सांगतेय ना!"

"सर म्हणालेत, घरी शिकवलेलं परीक्षेत धरत नाहीत."

"परीक्षेला घाल चुलीत!"

"आई! असं तोंडीला बोललं तर मार्क जातात."

काय करणार सांगा. वाघाशी एकवेळ भांडता येईल, पण 'आमच्या सरांनी सांगितलंय' याच्यापुढे कोणत्या आईचं चाललंय? ठकूबाईने पोरीला शाळेतच पाठवायचं नाही असं ठरवलं. तर सरकारी दवंडी आली: वार्षिक प्रात्यक्षिकाला जो गैरहजर राहील, त्याच्या घरच्यांना पाणवठा बंद. पाण्यावाचून पोर घेऊन जायचं कुठे? ठकूबाई रात्रंदिवस तोच विचार करत राहिली, आणि परीक्षा उजाडली.

माळावर मांडव घातला होता. पालक नटूनथटून आले होते. बहिःस्थ परीक्षक म्हणून खुद्द दाढेराव महाराज आले, छातीवर गुलाबी फुलाचा बिल्ला लावून. तरसोजींनी गळ्याला मोठा रुमाल बांधला होता. लोकांना वाटलं, उपरणं असेल. पोरं रांगांत उभी राहिली. पहिल्या रांगेत, अगदी पहिली, टिपकी. कारण हा विषय तिच्या आईच्या मागणीवरून सुरू झालेला, तर पहिला मान तिचा, असं बगळेसरांनीच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महाराज खुर्चीतून उठले. हुपाजी वरून ओरडला. आपल्या ओरडण्याने काय होणार हे त्याला ठाऊक होतं, पण पिढ्यान् पिढ्यांची सवय, गळ्यातून निघालंच. "सावधान!"

खटकन् आवाज झाला. "ऑर्डर वेळेवर दिलीत, आभारी आहे," बगळेसर वर न बघता म्हणाले आणि स्वतःही एक पाय पोटाशी घेऊन स्तब्ध उभे राहिले. शिस्त म्हणजे शिस्त.

महाराज सावकाश निघाले. घाई कशाला करायची? ठकूबाई गर्दी फोडून पुढे आली आणि ओरडली, "टिपके, पळ!"

टिपकीने मान हलवली नाही. नजर समोर ठेवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पळणे! एका ठिकाणी असणे व दुसऱ्या ठिकाणी असणे, या दोहोंमधील त्रासदायक अवस्थेस..."

"वा! पाठांतर चांगलं आहे," महाराज म्हणाले आणि आणखी जवळ आले.

"अगं वाघ! वाघ आलाय!"

"वाघ!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. "पळण्याचे जनक!"

"विश्राम!" ठकूबाई किंचाळली. तिला वाटलं, निदान मोडेल तरी हे. पोरांनी पाय थोडे फाकवले आणि पुन्हा पुतळे झाले. पालकांत कुजबुज सुरू झाली. ही बाई परीक्षेत ढवळाढवळ का करतेय? पेपर फोडतेय की काय? महाराज आता टिपकीच्या समोर उभे होते. त्यांची लाळ टिपकीच्या कपाळावर पडली. टिपकीने ती पुसली नाही, कारण पुसली असती तर मार्क गेला असता. तिचे पाय मात्र लटलट कापत होते, आणि कापल्याचे किती मार्क जातात हे पुस्तकात दिलेलं नव्हतं.

ठकूबाईला काही सुचेना. व्याख्या झाली, आज्ञा झाली, सगळे शब्द पुस्तकात गेलेले. पळण्याचा एकही शब्द तिच्याकडे उरला नव्हता. आणि मग कसं कोण जाणे, तिच्या घशातून निघालं:

"सुट्टी! सुट्टी झाली रे पोरांनो! शाळा सुटली!"

अहाहा! काय सांगू तुम्हाला! अजून तो आवाज कानात आहे. टिपकीने जी उडी मारली ती थेट महाराजांच्या डोक्यावरून. तिच्यामागे सशांची पोरं, रानडुकरांची पोरं, सगळी वाट फुटेल तिकडे "ओ... ओ..." करत सुटली. मांडवाचा खांब पडला. घुबडसरांना कोणीतरी आडवं केलं, आणि ते झोपेतच "पोर्शन" म्हणाले. अजगराने काढलेल्या पुस्तकात असं पळणं कुठेच नव्हतं. कोणाला शिकवावं लागलं नाही, कोणाला पाठ करावं लागलं नाही.

धुरळा खाली बसला तेव्हा माळावर महाराज होते, तरसोजी होते आणि बगळेसर होते. सर एका पायावर, मान ताठ, नजर समोर. त्यांना विश्राम म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. महाराजांनी नाइलाजाने त्यांनाच सामावून घेतलं. तरसोजींच्या वाट्याला पिसं आणि शिट्टी आली, तरी ते हसले. शिट्टी पुढे कित्येक दिवस त्यांच्या पोटात वाजायची.

इथे गोष्ट संपायला हवी होती. लहान मुलांना सांगताना मी इथेच संपवतो. पण तुम्ही मोठे आहात.

निकाल लागला. बगळेसरांना मरणोत्तर आदर्श शिक्षक पुरस्कार. बाकी सगळी पोरं नापास. शेरा एकच: 'आज्ञेविना हालचाल.'

दुसऱ्या दिवशी ठकूबाईच्या झुडपावर मोर्चा आला. पुढे ससेभाऊ, हातात काळं फडकं. "पोरांचं वर्ष परत द्या! ठकूबाई हाय हाय!"

"अहो ससेभाऊ," ठकूबाई बाहेर येऊन म्हणाली, "शुद्धीवर आहात का? तुमची पोरं जिवंत आहेत!"

"जिवंत आहेत हो, पण नापास आहेत! नापास पोरं घेऊन आम्ही काय करू? गेंदूचा फ्लेक्स लागला. आमच्या पोरांचा कधी लागणार?"

"गेंदूचा खूर पाहिलाय मी!"

"पुन्हा तेच! अभ्यास नको, शिस्त नको, नुसती सुट्टी हवी तुम्हाला!"

ठकूबाईने गर्दीत गजराबाईला शोधलं. गजराबाई मागे उभी होती, शाल घेऊन. तिने ठकूबाईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ठकूबाई झुडपात परत गेली. जे डोळ्यांना दिसतंय ते जिभेने कितीदा सांगायचं?

मोर्चा तिथून गुहेवर गेला. महाराज स्वतः बाहेर आले, भरल्या आवाजात म्हणाले, "एका अडाणी बाईच्या चुकीची शिक्षा आम्ही बालकांना होऊ देणार नाही. आमच्यावर कामाचा फार ताण आहे, तरी जनतेच्या आग्रहाखातर आम्ही फेरपरीक्षा घेऊ." पालकांनी महाराजांचा जयजयकार केला. तरसोजींच्या पोटातली शिट्टीही वाजली.

त्याच दुपारी ठकूबाई टिपकीला घेऊन नदी उतरून गेली. पलीकडे पाणवठा कोणाच्या नावावर नव्हता, गवत जरा राठ होतं, पण गवत होतं. टिपकी सारखी मुसमुसत होती. "आई, मी नापास झाले. सगळे मला नापास म्हणणार."

ठकूबाईने तिची मान चाटली, कान चाटले, कपाळावर वाळलेली ती लाळ चाटून साफ केली. "झालीस ना? हो बाई. दरवर्षी हो. मला तू नापासच हवी आहेस," ती म्हणाली आणि मग तिलाच रडू कोसळलं. टिपकी घाबरून आईला बिलगली. थोड्या वेळाने एक टोळ उडाला आणि टिपकी त्याच्या मागे पळाली, आपण काय करतोय ते लक्षात न येता.

नदीच्या अलीकडे फेरपरीक्षेला तोबा गर्दी झाली. पालक पोरांना अंघोळ घालून, टिळा लावून भल्या पहाटे घेऊन आले. मागच्या रांगांत भरपूर जागा होती, पण तिकडे कोणी फिरकेना. पोराला पहिल्या रांगेत उभं करायचं, तर वरच्या कोणाकडून तरी शब्द टाकून घ्यावा लागत होता.